तेल्याचा हंगाम आणि पीएचडीचा सहामाही अहवाल

सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करताना माझा विषय होता डाळिंबावरचा तेल्या, म्हणजे झॅन्थोमोनास या जीवाणूमुळे होणारा रोग. दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, काम मांडायचं आणि अहवालावर ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा मिळवायचा. जीवशास्त्रात हा शेरा बहुतेकदा बुद्धीपेक्षा वेळापत्रकावर अडतो.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६. पुढे पुनर्नोंदणी करून फार तर २ वर्षं मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना आणखी २. सहा वर्षं ऐकायला भरपूर वाटतात. पण शेतातल्या रोगावर काम असेल तर वर्षं नव्हे, पावसाळे मोजायचे. पहिला बहुधा कोर्सवर्क आणि विषयाच्या मंजुरीत जातो, शेवटचा लिहिण्यात. मधल्या चारांपैकी एखाद्या साली सांगोला-मंगळवेढ्याकडे पाऊस नावालाच पडतो, मग तेल्याही धड दिसत नाही. म्हणून सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, चार उद्दिष्टं लिहिताना निदान दोन अशी घ्यावीत, जी फ्रीझरमधल्या कल्चरवर (वाढवून जपलेल्या जीवाणूंवर) बारा महिने चालतील.

कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं, ५५ टक्के लागतात. त्यातला संशोधन नीतिमत्तेचा पेपर हलक्यात घेऊ नये, एवढंच.

नमुने मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलणाऱ्या, बागेतून, जुलै ते ऑक्टोबर. पानावर तेलकट, पाणी भरल्यासारखे ताजे ठिपके असलेलेच नमुने घ्यावेत. काळं पडून तडकलेलं फळ डोळ्यांत भरतं, पण त्यात कुजवणारे दुसरेच जीवाणू माजलेले असतात. शेतकऱ्याला ‘दादा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची?’ हे विचारून पिशवीवर लिहावं. कालच कॉपर किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक मारलेलं असेल तर प्लेट कोरी राहते आणि दोष जीवाणू वाढवायच्या माध्यमाला दिला जातो. पिशव्या कागदी घ्याव्यात, प्लॅस्टिकमध्ये पान घामेजून सडतं. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणावं.

ठिपक्याच्या कडेचा, निम्मा निरोगी निम्मा रोगट असा तुकडा कापायचा. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुणं. थोड्या निर्जंतुक पाण्यात कुस्करून जीवाणू बाहेर येऊ द्यायचे आणि न्यूट्रिअंट ग्लुकोज अगार या माध्यमावर स्ट्रीक करून (रेघा ओढून) २८ अंशांना ठेवायचं. इथे घाई नडते. दुसऱ्याच दिवशी पिवळ्या वसाहती आल्या की आनंद होतो, पण इतक्या लवकर येणारा पिवळा जीवाणू बऱ्याचदा पँटोइया नावाचा दुसराच निघतो. झॅन्थोमोनास सावकाश, तिसऱ्या दिवसाच्या आसपास दिसतो. फिकट पिवळा, गोल, चिकट. खात्रीसाठी तंबाखूच्या पानात जीवाणूंचं द्रावण टोचून २४ तासांनी तेवढा भाग मरतो का ते पाहावं आणि भगवा जातीच्या निरोगी रोपावर रोग पुन्हा आणून दाखवावा. नुसतं १६ एस या जनुकाचा सिक्वेन्स घेऊन आरएसीपुढे गेलात तर बाहेरचे तज्ज्ञ पहिला प्रश्न ‘हा तेल्याचाच जीवाणू कशावरून?’ हाच विचारणार, कारण १६ एस वरून झॅन्थोमोनास इथपर्यंत पोहोचता येतं, पुढची ओळख पक्की होत नाही. जायरेस-बी सारखं जनुक सोबत घ्यावंच.

शुद्ध कल्चर मिळालं त्याच आठवड्यात २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांना. प्रत्येकाच्या किमान तीन नळ्या, त्यातली एक दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरमध्ये. सोलापूरचा एप्रिल-मे चाळीशीपार असतो. त्यात लाइट गेली, खोलीचा एसी बंद पडला की कॉम्प्रेसर दम टाकतो, आणि तेही नेमकं शनिवार-रविवारी. महत्त्वाची कल्चर पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा करून क्रमांक घेतला तर तो शोधनिबंधातही चालतो.

आता अहवाल. जुलैच्या अहवालात नव्या नमुन्यांची वाट पाहू नये, ते तेव्हा नसतातच. उन्हाळ्यात झालेलं पीसीआर, सिक्वेन्सिंग, औषध-संवेदनशीलता दाखवावी. जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमारास, हंगामाचे आयसोलेट, म्हणजे नमुन्यांतून वेगळे केलेले जीवाणू, मांडावेत. प्रत्येक उद्दिष्टाखाली ठरवलं काय, झालं काय, अडलं कुठे आणि त्यामुळे बदललं काय, एवढं पुरतं. फसलेला प्रयोग लपवू नये. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) जागेवर असतील तर ‘परिणाम दिसला नाही’ हीसुद्धा प्रगतीच; कंट्रोल नसेल तर सुंदर आलेखही कामाचा नाही. समितीने सुधारणा सुचवली तर ती लेखी येते. समितीच्या शिफारशींची प्रत स्कॉलरला मिळावी असं नियमातच आहे, ती मागून फाइलला लावावी. पुढच्या सादरीकरणाची पहिली स्लाइड त्या सूचनांचीच ठेवावी. प्रगती असमाधानकारक ठरली म्हणून नोंदणी लगेच रद्द होत नाही. सुचवलेली सुधारणाच केली नाही तर समिती कारणं देऊन तशी शिफारस करू शकते.

शोधनिबंध छापणं आता यूजीसीच्या नियमात सक्तीचं नाही. विद्यापीठाचा अध्यादेश तरी स्वतः वाचावा, सीनियरच्या तोंडी माहितीवर जाऊ नये.

प्रबंधाच्या साम्य-तपासणीत १० टक्क्यांपर्यंत अडचण नसते. आपल्याकडे आकडा चढतो तो ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणात, कारण सगळे तेच प्रोटोकॉल त्याच वाक्यांत लिहितात. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरलं जात नाही. तरी आपण कोणतं प्रमाण, कोणतं तापमान, किती वेळ वापरलं हे प्रयोगवहीतूनच लिहावं.

पैशाचा हिशेब वेगळा. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मूल्यमापनानंतर ४२,०००, पण एकूण पाचच वर्षं. नोंदणी सहा वर्षांची असते. तेव्हा सिक्वेन्सिंग आणि महागडी किट्स पाचव्या वर्षाच्या आत उरकावीत. सहाव्यात लिहिणं, बांधणी आणि परीक्षकांच्या अहवालांची वाट पाहणं एवढंच ठेवावं.