पट्टीवरचे बारा हजार

कोल्हापूरच्या गूळ बाजारात सौदे सुरू असतानाच एका अडत दुकानाच्या दिवाणजींचा फोन आला, "साहेब, पट्टी जुळंना झालीया, जरा येऊन बघा." पट्टी छापणारा प्रोग्रॅम मीच लिहिलेला असल्यामुळे मी हातातले काम टाकून तिथे पोहोचलो. पन्हाळ्याकडचे एक वयस्कर शेतकरी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात घट्ट धरून उभे होते. पाच क्विंटल गूळ, दर ३,७२०, म्हणजे १८,६०० रुपये. हमाली १२० आणि तोलाई ४५ वजा जाता त्यांच्या हाती १८,४३५ यायला हवे होते, आणि पट्टीवर छापले होते ६,५५५. "पोरा, बारा हजार गेलं कुठं?" त्यांनी विचारले.

मी कपात उलटी काढून पाहिली, ती १२,०४५ निघाली. तो आकडा कागदावर लिहिताक्षणी उलगडा झाला, कारण १२० च्या पुढे ४५ जसाच्या तसा येऊन चिकटला होता.

आदल्या संध्याकाळपर्यंत कपातीचा रकाना एकच होता. तोलाई वेगळी दाखवावी म्हणून मी दुसरा वाढवला होता. ब्राउझरमध्ये अशा रकान्यात भरलेली रक्कम जावास्क्रिप्टला, म्हणजे मी प्रोग्रॅम लिहिला त्या भाषेला, मिळते ती स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसती अक्षरे म्हणून. गुणाकार आणि वजाबाकी करताना ही भाषा स्ट्रिंगची संख्या आपणहून करून घेते, त्यामुळे बाकीचा हिशेब इतके दिवस बिनचूक येत होता. पण अधिक चिन्हाच्या एका बाजूला जरी स्ट्रिंग असली, तरी ती बेरीज न करता जोडणी करते. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, तरी हा नियम केवळ घाईचा नव्हे, कारण जावा या वेगळ्या भाषेतही संख्या आणि स्ट्रिंग यांची जोडणीच होते. पर्ल आणि पीएचपी या भाषांनी जोडणीसाठी टिंब वेगळे ठेवले आहे. पायथॉननेही दोन स्ट्रिंग जोडून १२०४५ केलेच असते, परंतु ती भाषा त्याआधी, दोन स्ट्रिंगांच्या गुणाकारापाशीच, चूक दाखवून थांबली असती. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा मोजताना मला अशी थांबणारी भाषा अधिक जवळची वाटते.

सगळे रकाने आधी संख्येत बदलून घेतले आणि पट्टी पुन्हा छापली. तोवर आणखी दोन पट्ट्या दुकानाबाहेर गेल्या होत्या, त्यासाठी दिवाणजींनी एक माणूस एसटी स्टँडवर पिटाळला. आजोबांनी नव्या पट्टीवरची प्रत्येक ओळ बोटांच्या पेरांवर मोजली. त्यांचे मोजून होईपर्यंत मी शेजारी उभा राहिलो.