प्लेबिलमधली चिठ्ठी

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे इथल्या नाटकांच्या पेठेत, थिएटरात आपली खुर्ची सापडली की मी आधी प्लेबिल, म्हणजे नाटकाची माहितीपुस्तिका, उलटं धरून झटकते. शेजारचे बघतात, बघू देत. बहुतेक वेळा काही पडत नाही. कधी मात्र बोटभर रुंदीची एक पांढरी चिठ्ठी अलगद मांडीवर उतरते. आजच्या प्रयोगात अमकी भूमिका, जी एरवी तमकी करते, ती फलाणी करेल, एवढाच मजकूर. अशी चिठ्ठी निघाली की ओळीओळीतून सुस्कारे ऐकू येतात. मला मात्र, खरं सांगायचं तर, आनंद होतो.

गेल्या हिवाळ्यात बुधवारच्या दुपारच्या प्रयोगाला माझ्या शेजारी ओहायोहून आलेल्या एक बाई होत्या. चिठ्ठी वाचून त्यांचा चेहरा असा पडला, की वाटलं घरून काही वाईट निरोप आलाय. त्या तडक उठून खिडकीवर पैसे मागायला गेल्या आणि पाच मिनिटांत हात हलवत परत आल्या. साधारण रिवाज असा, की ज्याचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असतं तो नट आला नाही तरच तिकीट परत घेतात किंवा बदलून देतात. त्यांच्या नटीचं नाव नाटकाच्या नावाखाली होतं. बाईंनी चिठ्ठी खाली टाकली, वर बर्फाचा पेला ठेवला आणि मला विचारलं, "ही कोण बाई? तुम्ही ऐकलंय का हिचं नाव?"

नव्हतं ऐकलं. म्हणून तर मजा!

मी ठाण्याची. नाटक म्हणजे गडकरी रंगायतन, तिसरी घंटा आणि मध्यंतरातला बटाटेवडा, एवढ्यावर वाढलेली. आमच्याकडे रिप्लेसमेंट हा शब्द होता, पण तो महिन्यादोनमहिन्यांच्या हिशेबातला. नट सिनेमाला गेला, त्याच्या जागी दुसरा उभा राहिला, जाहिरातीत नवं नाव आलं. ऐनवेळी प्रमुख नटाचा घसा बसला तर सरळ 'प्रयोग रद्द'ची पाटी लागायची आणि आपण तिकिटाचे पैसे घेऊन तलावपाळीवर चक्कर मारून घरी. इथे आल्यावर कळलं, की आठवड्याला आठ प्रयोग रेटायचे तर घशाच्या भरवशावर राहून चालत नाही. म्हणून आधीच माणसं तयार ठेवतात. अंडरस्टडी असतो, तो एरवी छोटी भूमिका करतो आणि वेळ आली की मोठी. स्टँडबाय फक्त बोलावण्याची वाट बघत असतो. आणि स्विंग नावाची जी जमात आहे, तिच्यापुढे मी कोपरापासून हात जोडते. समूहातल्या आठ-दहा जणांच्या जागा, पावलं, सूर, कपडे बदलायच्या वेळा, सगळं एका डोक्यात. ही बदली प्रेक्षकांपासून लपवायचीही नाही. चिठ्ठी, लॉबीतला फलक आणि घोषणा, या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी व्हायलाच हव्यात, असा नटांच्या संघटनेचा नियम आहे.

२०२१च्या डिसेंबरात करोनाची नवी लाट आली आणि 'द म्युझिक मॅन' या संगीतिकेची नायिका सटन फॉस्टर आजारी पडली. कॅथी व्हॉयटको नावाची स्विंग उभी राहिली. प्रयोग संपल्यावर नायक ह्यू जॅकमनने तिला पुढे ओढलं आणि प्रेक्षकांना सांगितलं, की ही दुपारी बारा वाजता कामावर आली तेव्हा आठपैकी कोणतीही भूमिका हिच्या वाट्याला येऊ शकली असती. ती चित्रफीत मी इतक्यांदा पाहिली आहे, की नवरा आता खोलीतून उठून जातो. काही दिवसांत जॅकमन स्वतःच आजारी पडला आणि काही प्रयोग बंद ठेवावे लागले, पण तो भाग वेगळा.

पुढच्याच वर्षी 'फनी गर्ल'मध्ये एक नायिका जुलैअखेर गेली आणि दुसरी सप्टेंबरात यायची होती. मधला ऑगस्ट अंडरस्टडी ज्युली बेंकोने पेलला, इतका झकास, की लिया मिशेल आल्यावरही बहुतेक गुरुवार तिच्याकडेच राहिले. मी मुद्दाम गुरुवारचं तिकीट काढलं. स्वस्त होतं, हेही कबूल करते.

स्वस्ताईचा विषय निघालाच आहे, तर बोलून टाकते. ब्रॉडवेवर आता चेहऱ्याचा बाजार फार झाला आहे. २०२५मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलेनहाल यांच्या 'ऑथेल्लो'ची पुढच्या रांगांतली तिकिटं ९२१ डॉलरला होती. डेन्झेल थोर नट आहे, वादच नाही. पण एवढे पैसे मोजलेला माणूस ऑथेल्लो बघायला बसत नाही, वसुली करायला बसतो. 'शिकागो' ही संगीतिका तर १९९६पासून चालू आहे आणि मरगळ आली की एखादा टीव्हीवरचा चेहरा आणून उभा करतात. त्यातले काही खरंच चांगलं काम करतात. काही जण नाचात एक पाऊल मागे असतात, आणि आख्खा समूह त्यांना सांभाळून घेत नाचतो. मी अशा वेळी समूहाकडेच बघते.

भूमिका कुणाला द्यावी यावर दुसरा एक वाद माझ्या भिशीतही निघतो. 'हॅमिल्टन'मध्ये अमेरिकेचे संस्थापक काळे आणि लॅटिनो नट कसे? 'फँटम ऑफ द ऑपेरा'तला फँटम काळा कसा? (नॉर्म लुईस, २०१४. आवाज असा, की खुर्चीचे हात थरथरावेत.) "ते तसे दिसत नव्हते गं," असं आमच्यातली एक मैत्रीण म्हणते. मी तिला एवढंच विचारते, की 'एकच प्याला'तली सिंधू कशी दिसायची? आपल्या आजा-पणज्यांनी बालगंधर्वांना बघून डोळ्यांना पदर लावला. सिंधूची भूमिका पुरुष करतोय, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? दोन अंक झाल्यावर समोर सिंधूच उरली असेल. मैत्रीण मग तावातावाने 'मिस सायगॉन' काढते. १९९१मध्ये गोऱ्या जोनाथन प्राइसने निम्मा व्हिएतनामी असलेला दलाल रंगवला, त्यावर नटांच्या संघटनेने केवढं रण माजवलं होतं, ते का मग? मुद्दा बिनतोड नाही, पण सोपाही नाही. माझं म्हणणं, आशियाई नटांना तेव्हा दुसरी दारंच उघडी नव्हती, आणि जे एक किलकिलं झालं त्यातूनही गोराच आत शिरला, राग त्याचा होता. २०२१मध्ये भारतीय वंशाचा मायकल मलियाकल 'अलादीन' झाला, तेव्हा याच मैत्रिणीने भिशीतल्या सगळ्यांची तिकिटं काढली होती.

आता प्रेक्षक. याबाबत मी खाष्ट सासू आहे. २०१५मध्ये 'हँड टू गॉड'च्या प्रयोगाला एक पोरगा नाटक सुरू व्हायच्या आधी सरळ रंगमंचावर चढला आणि नेपथ्यातल्या खोट्या प्लगमध्ये फोन चार्ज करायला लावू लागला. त्याच महिन्यात पॅटी लुपोन या नटीने प्रयोग चालू असताना सतत मेसेज करणाऱ्या एका बाईच्या हातातून जाता जाता फोन काढून घेतला, तोही भूमिका न सोडता. माझ्या लेखी तिच्या कारकिर्दीतला तो एक उत्तम क्षण. तिकडे महाराष्ट्रातही सुबोध भावे २०१९मध्ये फोनला इतका वैतागला, की नाटकात काम करणंच थांबवतो म्हणाला. बारा हजार किलोमीटर अंतर, पण रिंगटोन तीच.

बाकी मी कडक नाही. हसा, रडा, हुंकार भरा. वन्स मोअर म्हणत एक पद चारदा गाऊन घेणाऱ्यांची मी पणती, शांत बसा असं कुठल्या तोंडाने सांगू? फक्त गाणारीच्या बरोबरीने गाऊ नका, तिचे पैसे दिलेत, तुमचे नाहीत. आणि प्रत्येक प्रयोगाला उभं राहून टाळ्या वाजवायची जी सक्ती झाली आहे, तिचं काहीतरी करा. बसून राहावं तर पुढच्याची पाठ तेवढी दिसते. माझाही एक गुन्हा नोंदवून ठेवते. ऐन मरणाच्या प्रसंगात मी खोकल्याची गोळी सोडवली होती. आवाज होऊ नये म्हणून सावकाश. चुरर्... चुरर्... नायक मरेपर्यंत कागद काही निघाला नाही.

ओहायोच्या बाईंनी पहिला अर्धा अंक कोटाखाली फोन धरून त्या फलाणीची माहिती शोधली. कोटाच्या कडेने निळा उजेड येत होता. मी एकदा "श्श" केलं, दुसऱ्यांदा नुसतं बघितलं. फोन मिटला, तो बहुधा त्यांना शोधून काही सापडलं नाही म्हणून. मध्यंतरानंतर त्यांनी तो काढला नाही. का, ते मी विचारलं नाही. त्या घाईने निघाल्या, मुलीसाठी कुठे तरी टेबल राखलेलं होतं. त्यांची चिठ्ठी खुर्चीखालीच राहिली होती, बुटाच्या ठशासकट. मी जमवते या चिठ्ठ्या, म्हणून उचलली.

बाहेर गल्लीत स्टेज डोअरपाशी, नट बाहेर पडतात त्या दाराशी, त्या दिवशी चारच टाळकी. बोचरी थंडी होती. चिठ्ठीतली ती फलाणी आली, लोकरीची टोपी, पाठीवर सॅक, गालाच्या कडेला रंग राहिलेला. कुणी ओळखलं नाही. मी माझी चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. तिने चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "अशी छापली होय! मला आत कुणी दिलीच नाही. आईला पाठवायला हवी होती."

माझ्याकडे दोन होत्या. कोरी तिला देऊन टाकली. सही तिने दुसरीवर केली, बुटाच्या ठशाला वळसा घालून.