फैजपुरात समुद्राचे पाणी तयार करताना

आमच्या फैजपूरपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामुळे घरात खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी ठेवायची असे ठरले, तेव्हा मासे कोणते आणावेत यापेक्षा पाणी कोठून आणावे हा प्रश्न आधी पडला. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच. दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर तिच्यात सुमारे 160 लिटर पाणी मावते.

सुरतेला राहणाऱ्या मावसभावाने डुमसचे पाणी आणून देतो म्हटले. आपलीच तापी तेथे समुद्राला मिळते, तेव्हा घरचेच पाणी परत येईल, असे तो गमतीने म्हणाला आणि रेल्वेने वीस लिटरचा एक कॅन खरोखरच घेऊन आला. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटी जोरकस असल्याने तेथील पाणी सदैव गढूळ असते. दोन दिवसांनी कॅनच्या तळाशी बोटभर गाळ बसला, वरच्या पाण्याची क्षारता मोजली तर हजारी 27 भरली, म्हणजे खुल्या समुद्राच्या 35 पेक्षा बरीच कमी, आणि चौथ्या दिवशी झाकण उघडताच वास आला. ते पाणी मी गटारात ओतले.

मग घरीच पाणी तयार करणे आले. आमच्या बोअरचे पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा 780 आला. भोवती सगळा केळीचा पट्टा आणि केळीला नत्र भरपूर लागते, म्हणून नायट्रेटही तपासले, तर लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आसपास निघाले. हे पाणी आम्ही रोज वापरतो. पण काचेच्या बंद टाकीत असे नायट्रेट पहिल्याच दिवशी घालणे म्हणजे शेवाळाला आमंत्रण देणे होते.

स्वयंपाकघरातील आरओ आहेच, त्याचे पाणी चालेल, असे मला वाटले होते. त्याचा आकडा 55 आला. कारण शोधण्यासाठी झाकण उघडले, तेव्हा ध्यानात आले की पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून त्यात टीडीएस कंट्रोलर बसवलेला असतो आणि तो मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, न गेलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात मुद्दाम मिसळतो. पिण्यासाठी ही सोय चांगली आहे, पण टाकीसाठी तीच अडचण ठरते. शेवटी कंट्रोलर नसलेला वेगळा आरओ घेतला आणि त्यापुढे रेझिनची नळी जोडली, कारण मेम्ब्रेनमधून निसटलेला थोडा सिलिकेट आणि नायट्रेटही रेझिन धरून ठेवते. मीटरवर शून्य दिसले, तेव्हा मी मीटर बिघडला असावा म्हणून पुन्हा बोअरच्या पाण्यात बुडवून पाहिला. मात्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जाते, म्हणजे एका टाकीमागे जवळजवळ 480 लिटर. आईने ते पाणी भांडी आणि अंगण धुण्यासाठी साठवले, तुळशीला मात्र घालू दिले नाही, आणि ते योग्यच होते, कारण आधीच जड असलेल्या पाण्याचे क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

मिठाबाबतही मावसभावाचा सल्ला होता: खडेमीठ टाक. पण मिठागरात कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात आणि मॅग्नेशियम मागे उरणाऱ्या पाण्यात राहते, म्हणून आपल्या हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, ते खडेमिठातून मिळणार कसे? म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेले मीठ आणले, लिटरला 36 ग्रॅम या हिशेबाने पावणेसहा किलो. ड्रममध्ये आधी पाणी भरावे, पंप सुरू करावा आणि मीठ थोडे थोडे सोडावे. मिठावर पाणी ओतले तर दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट होऊन पाणी दुधाळ होते आणि ते पुन्हा विरघळत नाही. मी रात्रभर पंप चालू ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पाणी 26 अंशांवर असताना रिफ्रॅक्टोमीटरने मोजले, तर क्षारता 35 होती. पितळी कॉक मात्र काढून प्लॅस्टिकचा बसवला, कारण तांब्याचा अंशही गोगलगायींना सोसत नाही. पुढे दगडांवर जिवाणू स्थिरावून माशांना घातक असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येण्यास पाच आठवडे लागले. नंतर दोन क्लाऊन फिश आणि चार गोगलगायी आल्या.

खरी फजिती अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला झाली. वैशाखात पंख्याखाली टाकीतून रोज चार लिटर पाणी उडून जाते, पण मीठ मागेच राहते, म्हणून भर नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याचीच घालावी लागते. आम्ही पाच दिवस मामांकडे गेलो आणि शेजारच्या मुलाला काचेवरची रेघ दाखवून तेथपर्यंत रोज पाणी भरण्यास सांगितले. त्याने ते इमानेइतबारे केले. परतलो तेव्हा पाणी बरोबर रेघेवर होते, पण गोगलगायी शंखाची दारे मिटून तळाशी पडल्या होत्या आणि क्षारता 39 च्या वर गेली होती. घरात दोन निळे ड्रम शेजारी शेजारी होते, अगदी सारखे. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी तयार ठेवलेले खारे पाणी. त्याने जवळचा ड्रम घेतला होता. पाच दिवसांत वीस लिटर पाण्याबरोबर सातशे ग्रॅम मीठ जादा गेले.

त्या मुलाला काय बोलणार? ड्रमवर काहीही न लिहिण्याची चूक माझी होती. क्षारता एकदम उतरवली तर प्राण्यांना त्याचाच धक्का बसतो, म्हणून रोजच्या भरीव्यतिरिक्त चार लिटर खारे पाणी काढून तेवढेच शुद्ध पाणी घालत गेलो. पाचव्या संध्याकाळी आकडा 35 वर आला. दुसऱ्याच दिवशी तीन गोगलगायी काचेवर चढल्या. चौथी हलली नाही. आता एका ड्रमवर लाल ऑइलपेंटने हातभर अक्षरांत ‘मीठ’ लिहिले आहे, आणि शेजारचा मुलगा येता-जाता ते मोठ्याने वाचतो.