टॉवेलच्या आधारानं

आज संध्याकाळी धरमपेठच्या आमच्या गल्लीत आमच्या कुत्र्याच्या, गुंडूच्या पोटाखालून टॉवेल धरून त्याला फिरवत होतो. शेजारचे काका थांबले. म्हणाले, "काऊन एवढा त्रास देता जी त्याले? सुई देऊन टाका, सुटन बिचारा."

काका मनानं वाईट नाहीत. उन्हाळ्यात भटक्या कुत्र्यांसाठी फाटकाबाहेर पाण्याचं भांडं तेच भरून ठेवतात. म्हणूनच जास्त लागलं.

गुंडू डॅशहुंड. लांब पाठ, आखूड पाय. या जातीत मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक होतात आणि एखादी सरकली की मज्जारज्जूवर दाब येतो. त्याचे मागचे पाय एका रात्रीत गेले. डॉक्टरांनी चिमट्यानं पायाचं बोट जोरात दाबलं, तेव्हा तो मान वळवून ओरडला आणि मला आनंदानं रडू आलं. ती खोलवरची वेदना कळत असेल, तर कुत्रा पुन्हा चालण्याची आशा बरीच असते.

तेव्हापासून पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, उड्या बंद, हातानं पोट दाबून लघवी काढणं.

काका बोलत होते तेव्हाच गुंडूचा मागचा पंजा उलटा पडला, आणि त्यानं तो स्वतःच सरळ टेकवला. पहिल्यांदाच! काकांना दिसलंसुद्धा नाही.

घरात माणसाचे पाय गेले तर आपण मालिश, व्यायाम, चांगला डॉक्टर, सगळं शोधतो. कुत्र्याच्या वेळी पहिला सल्ला सुईचाच का येतो? तुमच्याकडे कोणी असं पुन्हा उभं राहिलंय का? सांगा ना, काकांनाही वाचून दाखवीन.