तुम्ही विचारलंत म्हणून: एडमंटनची चेटकीण

“एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि चेटकिणींची नाटकं काय शिकवता? शेक्सपिअरच्या काळातले लोक भाबडे, दुसरं काय!” स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, सगळीकडे हेच. एकदा नीट उत्तर देते.

भाबडे नव्हते हो. १५३४ ते १५५९ एवढ्या काळात इंग्लंडचा धर्म गादीवरच्या माणसागणिक बदलला. पोपपासून फुटला, आणखी लांब गेला, पोपकडे परतला, पुन्हा फुटला. मंतरलेलं पाणी, मेणबत्त्या, संतांचा धावा हे सगळं नव्या चर्चनं बंद केलं. सैतान मात्र राहिला. उतारा गेला, भीती तशीच; मग माणसं कोर्टात गेली. १६०४ च्या कायद्यानं दुष्टात्म्याला नुसतं पोसणंही फाशीचा गुन्हा ठरवलं. फाशीच. “जाळायचे ना?” असं विचारता, पण इंग्लंडात चेटकिणींना फासावर देत.

लंडनच्या उत्तरेच्या एडमंटन गावातली एलिझाबेथ सॉयर. गरीब, एका डोळ्यानं अधू. तिच्या डुकरिणीनं शेजारणीचा थोडा साबण चाटला. शेजारणीनं डुकरिणीला मारलं, सॉयरनं धमकावलं, आणि काही दिवसांत शेजारीण वारली. ज्युरी घुटमळली. तेव्हा तीन बायकांना सॉयरचं अंग तपासायला लावलं. त्यांना स्तनाग्रासारखी गाठ सापडली. पोसलेला दुष्टात्मा तिथे चोखतो अशी समजूत होती, मग ठरलंच. १९ एप्रिल १६२१ ला टायबर्नला तिला फाशी झाली. त्याआधी न्यूगेट तुरुंगात हेन्री गुडकोल या धर्मोपदेशकानं तिची जबानी घेऊन छापली. ती म्हणते, सैतान कुत्र्याच्या रूपात आला आणि त्यानं एक लॅटिन प्रार्थना शिकवली. ती प्रार्थना म्हणजे ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’, ख्रिस्ताच्या प्रार्थनेतली ओळ! गुडकोल पुन्हा विचारतो, हे आधी कुणाकडून ऐकलं होतंस? नाही, सैतानाकडूनच, अर्थही ठाऊक नाही. जुन्या चर्चची प्रार्थना लॅटिनमध्येच असे; एका पिढीपूर्वीच्या म्हाताऱ्या हेच शब्द चर्चमध्ये ऐकत मोठ्या झाल्या होत्या. इथे माझा आवाज वर्गात दर वेळी चढतो, आणि चढू दे.

त्याच वर्षी रौली, डेकर आणि फोर्ड या नाटककारांनी तिच्यावर ‘एडमंटनची चेटकीण’ हे नाटक लिहिलं. त्यात ती शेजाऱ्याच्या रानात काटक्या गोळा करते, मार खाते, आणि विचारते: मीच का? गरीब, वाकलेली, अडाणी आहे म्हणून? पूर्वी मी ठासून सांगायचे की नाटककार तिच्या बाजूचे होते. मग एका विद्यार्थिनीनं विचारलं, “मॅडम, तसं असेल तर काळा कुत्रा खराखुरा रंगमंचावर का येतो? तो खरा, तर कोर्टही बरोबर ठरतं.” मी रंगभूमीची गरज वगैरे सांगितलं. ते उत्तर मला पुरत नाही, पण दुसरंही सापडलेलं नाही. ताज्या फाशीवर गल्ला जमवला, हा आरोपही मी पुसू शकत नाही.

तरी एका गोष्टीवर मी अडून बसते. नाटकात मार आधी आहे, कुत्रा नंतर. गुडकोलच्या पुस्तिकेत सॉयरच्या तोंडचे शिव्याशाप आहेत आणि ते ऐकून आलेला कुत्रा आहे. काटक्यांसाठी मारणारा शेजारी नाही. तो त्या तिघांनी घातला.