तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, गुडघे गेलेले नाहीत

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर भेटणारा प्रत्येक जण हेच विचारतो. "काय हो, धावणं सोडलंत? गुडघे गेले वाटतं!" आणि मी रेस वॉकिंगला, म्हणजे चालण्याच्या शर्यतीच्या सरावाला, लागलो की मागून खुसखुस. कंबर हलते, मान्य. पाय ताठ टेकवत तासाला 9 किलोमीटरने चालून बघा, तुमचीही हलेल.

22 वर्षं धावलो. मुंबईची मॅरेथॉन, साताऱ्याचा यवतेश्वरचा घाट, सगळं झालं. आमच्यातल्या एकाने रेस वॉकिंग सुरू केलं तेव्हा "पेन्शनरांचा खेळ" म्हणून हसणाऱ्यांत मीच पुढे होतो. मग 59व्या वर्षी स्वतःच का वळलो? उजवा गुडघा कुरकुरत होता. थोडाच! त्याहून खरं म्हणजे धावण्याची वेळ दर वर्षी घसरत होती, आणि नव्या खेळात तुलना करायला जुनी वेळच नव्हती. पळवाट म्हणा हवं तर. तेव्हा मी नसतं म्हणू दिलं.

आता ते प्रकरण. गेल्या वर्षी मास्टर्सची, म्हणजे वयाने मोठ्या खेळाडूंची, स्पर्धा होती, 5000 मीटर, साडेबारा फेऱ्या. तिसऱ्या फेरीला एका पंचाने ताकिदीची पिवळी पाटी दाखवली, तिच्यावर वाकलेल्या गुडघ्याची खूण. पुढचा पाय टेकल्यापासून अंगाखाली येईपर्यंत सरळ हवा, हा नियम मला पाठ होता. मान डोलावली आणि विसरलो. सातव्या फेरीला फलकावर माझ्या नंबरापुढे एक लाल खूण आली. नवव्या फेरीला दुसरी. तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल दिलं की तुम्ही बाद. शहाणा माणूस अशा वेळी वेग कमी करतो. पण मी चौथा होतो आणि तिसरा माझ्या दहा पावलं पुढे. मी वेग वाढवला.

अकरावी फेरी संपता संपता मुख्य पंच आत आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. लाल पाटी थेट माझ्या तोंडासमोर. मी थांबलोच नाही. ऐकलंच नाही असं दाखवत अख्खं वळण चालत राहिलो, आणि त्या आतल्या बाजूने माझ्यासोबत. "काका, बाहेर या. गुडघा. तिघांनी दिलंय." मी ओरडलो, "माझा गुडघा मला कळतो!" 42 किलोमीटर कधी अर्धवट न सोडलेला माणूस 600 मीटर उरले असताना गवतावर उभा. ओरडल्याची माफी अजून मागितलेली नाही.

मित्र म्हणाले, सिडनी ऑलिंपिकमध्ये याच खेळात ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल पहिली असताना स्टेडियमच्या तोंडाशी बाद झाली होती. बरं मग? तिने माझ्या गुडघ्याचं काय करायचं?

रात्री मुलाने काढलेला व्हिडिओ हळू करून पाहिला. वाकत होता तो डावा, ज्याबद्दल मी कधी हूं की चूं केलं नव्हतं. कुरकुरणारा उजवा अगदी ताठ. शिवाय एका क्षणी दोन्ही पाय हवेत होते, तेही नियमाबाहेर, पण ते साध्या डोळ्यांना दिसलं तरच धरतात, म्हणून त्याचं लाल कुणीच दिलं नाही. म्हणजे पंच चुकले असतील तर माझ्याच बाजूने चुकले. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय.

धावताना 22 वर्षांत माझा पाय कसा पडतो हे कुणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आता रोज पाहतो. आवडतं का? काही दिवशी अजिबात नाही.

यंदाच्या स्पर्धेचा फॉर्म भरलाय. पैसे अजून भरलेले नाहीत.