हर्णै : पाऊणकीच्या हिशेबाने

दापोलीहून हर्णैला उतरणारा रस्ता आसूदच्या माडापोफळींच्या बागांमधून जातो. केशवराजाचे देऊळ वाटेतच लागते, परंतु सुवर्णदुर्ग गाठायचा या घाईत आम्ही ते परतीसाठी ठेवले आणि परतीच्या वेळी अंधार झाल्यामुळे ते राहूनच गेले. एवढी घाई करून सकाळी साडेनऊला बंदरावर पोहोचलो, तर समोरचा किल्ला अगदी हाताशी असल्यासारखा दिसत होता आणि त्याच्याकडे नेणाऱ्या होड्या मात्र ओल्या वाळूत कलंडून पडल्या होत्या.

जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाला मी होडी कधी सुटेल असे विचारले. त्यांनी मान वर न करताच विचारले, "आज तिथी कोणती?" मी मोबाइल काढेपर्यंत आईने मागून उत्तर दिले, "वद्य पंचमी." "मग पाचाचे पाऊणपट किती?" आईच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे घोकून घेत असत, त्यामुळे ती क्षणात म्हणाली, "पावणेचार." म्हातारबाबांनी आता कुठे वर पाहिले आणि ते हसून म्हणाले, "मग झाले की! पावणेचारला पुरी भरती, आत्ता सुकती. एकनंतर या, माउली." तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब मी पुस्तकात वाचला होता, पण तो रोजच्या कामात वापरला जाताना प्रथमच पाहत होते. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, एवढेच त्यामागचे गणित आहे.

मधल्या वेळात आंजर्ल्याला जाऊन आलो. पूर्वी जोग नदीची खाडी तरीतून ओलांडून कड्यावरच्या गणपतीची चढण चढावी लागे. आता पुलामुळे गाडी थेट वर जाते. मूळ देऊळ किनाऱ्यावर होते, ते समुद्राने गिळले तेव्हा देव कड्यावर आला, असे गावात सांगतात आणि खडकावरचे त्याचे पाऊलही दाखवतात. मूर्ती उजव्या सोंडेची आहे. मला मात्र देवळापेक्षा तिथून दिसणारे दृश्य अधिक उपयोगाचे वाटले, कारण हर्णैची रचना या उंचीवरूनच नीट समजते. सुवर्णदुर्ग पाण्यात एकटा उभा दिसत असला, तरी किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे तिन्ही त्याचीच पाठराखण करणारे आहेत. आज कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची घरे आहेत, आणि तटबंदी म्हणावी अशी गोवा किल्ल्याचीच काय ती बरी राहिली आहे.

दीडच्या सुमारास होडी सुटली. किल्ल्याशी धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. आईने लुगड्याचा काच मारावा तशी साडी खोचली आणि ती माझ्याआधी खाली उतरली. महादरवाजा बुरुजांच्या आडोशाला असल्यामुळे जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलेले आहे, तटाच्या भिंतीत मारुती आहे आणि तटाचा बराचसा भाग तर मूळ कातळच तासून काढलेला आहे. आत विहिरी, पाण्याची टाकी, पडक्या जोत्यांचे अवशेष आणि उरलेल्या जागेत नुसते रान आहे. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याचे म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत हा एक आहे.

कान्होजी आंग्र्यांचे नाव ज्या किल्ल्याच्या आश्रयाने मोठे झाले, तो १७५५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज कमोडोर विल्यम जेम्स याने समुद्रातून तोफा डागून घेतला. त्या माऱ्यात आतले दारूकोठार उडाले. या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला नानासाहेब पेशवे होते आणि विरुद्ध बाजूला कान्होजींचाच मुलगा तुळाजी होता, ही गोष्ट तटावर उभे राहून आठवली की घशाशी अडकते. तुळाजी साधा नव्हता हे मान्य केले, तरी आपले आरमार आपणच परक्याच्या हातून मोडून घेतले, असेच मला वाटते. जेम्सच्या विधवेने पुढे १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर नवऱ्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधला. तो 'सेव्हर्नड्रूग' या नावाने अजून उभा आहे. सुवर्णदुर्गाचे हे इंग्रजी बोबडे रूप आईला ऐकवले, तेव्हा ती पोट धरून हसली.

परत आलो तेव्हा पाणी बंदरात चढले होते आणि लिलाव सुरू होण्याच्या बेतात होता. मोठ्या नौका खोल पाण्यात उभ्या होत्या, लहान होड्या माल आणत होत्या आणि बैलगाड्या चाकाच्या तुंब्यापर्यंत पाण्यात घातलेल्या होत्या. वाळूवर सुरमई, बांगडे, कोळंबी, म्हाकूळ यांचे ढीग पडले आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचे कडे झाले. बोली इतक्या झपाट्याने चढत होती की आकडा माझ्या कानावर पडेपर्यंत ढीग दुसऱ्याचा झालेला असे. पाजपंढरीच्या एक मावशी शेवटपर्यंत गप्प होत्या. त्यांनी फक्त पायाच्या अंगठ्याने एक पापलेट उलटे केले, कल्ला पाहिला, एकदाच आकडा उच्चारला आणि पाटी उचलली. घासाघीस करण्याचा आईचा सगळा उत्साह तिथेच मावळला व मावशींनी सांगितलेल्या भावाने तिने मुकाट्याने दोन पापलेटे घेतली.

म्हातारबाबा अजून जाळ्याशीच बसले होते. उद्या पुन्हा येणार का, असे त्यांनी विचारले. "उद्या षष्ठी, साडेचार," आई म्हणाली, आणि पिशवीतून गळणारे बर्फाचे पाणी साडीला लागू नये म्हणून पिशवी अंगापासून लांब धरून गाडीकडे चालू लागली.